जोतिबाच्या यात्रेनंतर जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स अडकलीय, काय करता येईल?

उत्तरेश्वरपेठकर (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आमच्या घरात २०१० साली घेतलेला एक साधा डिजिटल कॅमेरा आहे, १२ मेगापिक्सेल, ५ एक्स झूम, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा कुठली कंपनी भारी ह्यावरच जातोय. साडेसहा हजाराला घेतलेला, लेक सहा महिन्यांची होती आणि तिचे फोटो काढायचे म्हणून मुद्दाम पैसे साठवून घेतला होता. नंतर मोबाईल आले आणि हा गेली आठ-नऊ वर्षं तिजोरीच्या वरच्या कप्प्यात पडून.

आता लेक दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली, तिनं शोधून बाहेर काढला, मी घरात होते ते दोन सेल घातले आणि चालू झाला की हो! इतका आनंद झाला तिला. मग चैत्र यात्रेला कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीला, जोतिबाच्या डोंगरावर घेऊन गेलो. सासनकाठ्या नाचत होत्या, गुलाल-खोबऱ्याची उधळण, सगळं गुलाबी. तिनं चाळीसएक फोटो काढले असतील आणि मग लेन्स अर्धी बाहेर येऊन थांबली. आत टिक टिक टिक असा आवाज येतोय, मग स्क्रीनवर ‘लेन्स एरर’ आणि बंद.

त्याशिवाय तीन तक्रारी आहेत. नवीन ६४ जीबीचं कार्ड आणलं ते घेतच नाही, ‘कार्ड एरर’ म्हणतोय, यात्रेला कुणाचंतरी जुनं २ जीबीचं मागून घातलं होतं. सेल दहा-पंधरा फोटोत लाल दाखवतात. आणि दरवेळी सेल बदलले की तारीख १ जानेवारीला जाते. एका दुकानात दाखवला तर हातात पण न घेता म्हणाले टाकून द्या. टाकायचा नाही मला. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

कळंबा_नाका | रविवार, रात्री १०:४१

दादा राग मानू नका, पण खिशात मोबाईल असताना एवढा खटाटोप कशाला करायचा? मोबाईल अंधारात पण चांगले फोटो काढतोय, लगेच पाठवता येतात. पोरीला त्याच पैशात मेमरी जास्त असलेला फोन मिळंल की.

सायबर_चौक | रविवार, रात्री ११:०५

भावा टाकू नको!! आमच्या कॉलेजात सगळ्यांना हे जुने सीसीडीवाले, म्हंजे जुन्या प्रकारचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) असलेले कॅमेरे पायजेत, लय मागणी हाय. फ्लॅश मारून काढलेला ग्रुप फोटो बघ एकदा, मोबाईलला ते येतच नाही. तुला नको असंल तर मला दे, मी येऊन घेऊन जातो.

मंगळवारपेठ_स्टुडिओ | सोमवार, सकाळी ७:२०

उत्तरेश्वरपेठकर, कॅमेरा जिवंत आहे, काळजी करू नका. मी २२ वर्षं स्टुडिओत काम केलं, रोल धुण्यापासून सुरुवात केली आणि शेवटची दहा वर्षं हेच असले छोटे डिजिटल कॅमेरे दुरुस्तीला यायचे. सगळं सविस्तर लिहितो, वाचून घ्या आणि मगच हात लावा.

पहिल्यांदा सेल. लेन्स नंतर. तुम्ही लिहिलंय ‘घरात होते ते सेल’, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतो तेच साधे स्वस्त सेल असणार. त्यांच्यावर दीड व्होल्ट लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही, पण घड्याळ थेंबथेंब करंट घेतं आणि कॅमेऱ्याला लेन्सची मोटर फिरवायला आणि फ्लॅश भरायला एकदम घोटभर लागतो. तेवढा ओढला की ह्या सेलचा व्होल्टेज धाडकन खाली येतो, कॅमेऱ्याला वाटतं सेल संपला, आणि कधी कधी लेन्स अर्ध्या वाटेवर असतानाच दम संपतो. मग तो लेन्स एररच दाखवतो. माझ्याकडं लेन्स एरर म्हणून आलेल्या कॅमेऱ्यांत कितीतरी असे होते की नुसते चांगले सेल घातल्यावर चालू झाले, आणि माणूस बिचारा आठ दिवस काळजीत होता.

म्हणून निकेल मेटल हायड्राइडचे, म्हणजे चार्ज करायचे पेन्सिल सेल घ्या, २००० एमएएचच्या आसपासचे, दोन नको चार घ्या आणि चार्जर. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं बघून कमी पडतील असं वाटेल, पण ते १.२ शेवटपर्यंत टिकवून धरतात. २००५ पासून एक प्रकार निघालाय जो चार्ज करून नुसता ठेवला तरी वर्षभरात फारसा उतरत नाही, पाकिटावर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ लिहिलेलं असतं, तोच घ्या. आणि मेनूत जाऊन बघा, बऱ्याच मॉडेलात ‘बॅटरी टाइप’ म्हणून सेटिंग असतं, तिथं अल्कलाइन ठेवलेलं असलं आणि आत चार्जिंगचे सेल असले तर भरलेला सेल पण लाल दाखवतो.

सेलच्या कप्प्यात पितळी पट्ट्या आणि स्प्रिंग बघा. पांढरी-हिरवट पावडर धरली असंल तर इअरबड व्हिनेगारमध्ये जरासा ओला करून पुसा, मग कोरड्या बडनं पुसा, आणि पट्टी नुसती काळपट असंल तर शाळेतल्या खोडरबरनं घासा.

लेन्सचं संध्याकाळी लिहितो, ड्युटीवर जायचंय. तोवर एक सांगतो, लेन्स हातानं ओढू नका, ढकलू नका, आणि तोंडानं फुंकू तर अजिबात नका.

मुरगूडची_बाई | सोमवार, दुपारी १:३०

काकांचं सेलबद्दलचं शंभर टक्के खरं आहे. मी शाळेत शिकवते, आमच्याकडं असाच एक कॅमेरा आहे, स्नेहसंमेलनाला दरवर्षी दोन गाणी झाली की बंद पडायचा. चार्जिंगचे सेल घेतल्यापासून अख्खा कार्यक्रम निघतो.

कळंबा_नाका यांना सांगते, मुलांच्या हातात मी फोन देऊ शकत नाही हो. कॅमेरा देते. त्यात फोटोशिवाय दुसरं काही नाही, फोन वाजत नाही, गेम नाही. सहावीच्या पोरांनी त्याच्यावर मुंग्यांच्या वारुळाचे फोटो काढून आणले, क्लोजअपचं ते फुलाचं चिन्ह असतं ना, ते लावून जमिनीवर पालथी पडून. मोबाईलवर त्यांनी स्वतःचेच काढले असते.

मंगळवारपेठ_स्टुडिओ | सोमवार, रात्री ९:१५

आता लेन्स. बाहेर येणारी लेन्स म्हणजे एकात एक बसलेल्या दोन-तीन नळ्या असतात, त्यांच्यात केसाएवढी फट असते. गुलाल बारीक पिठासारखा, तो त्या फटीत गेला की नळी घासत जाते. मोटर एवढुशी असते आणि तिचे दाते प्लास्टिकचे, टिक टिक आवाज येतो तो ते दाते जागच्या जागी घसरतात त्याचा. म्हणून उगीच चालू-बंद, चालू-बंद करत बसू नका, दाते झिजले की मग खरंच खर्च आहे.

फुंकू नका म्हणालो कारण फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात आणि गुलाल ओला झाला की चिकट होतो, मग तो वाळला की सिमेंट. पंक्चरवाल्याकडच्या हवेनं पण नाही, त्या जोरानं गुलाल आत सेन्सरपर्यंत जातो आणि त्या हवेत पाणी-तेल असतं ते वेगळंच. कुलपात मारायचं तेल मारून आणलेले कॅमेरे मी बघितलेत, ते परत उठत नाहीत.

असं करा. सेल काढा. पेपर पसरा, कॅमेरा लेन्स खाली करून धरा. चित्रकलेचा कोरडा मऊ ब्रश, शून्य किंवा एक नंबरचा, नवीनच, रंगाचा वापरलेला नको. प्रत्येक नळीच्या फटीत गोल गोल फिरवा, मधून मधून कॅमेऱ्याच्या पाठीवर तळव्यानं हलकं थोपटा. स्टुडिओवाल्यांकडं रबरी फुगा-पंप मिळतो, लेन्स खालीच ठेवून त्यानं हवा मारा. मग कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाची पट्टी कापून फटीतून अलगद फिरवा, खोल घालू नका, तीन-चार मिलिमीटर पुरे. लेन्सच्या काचेला बोट लावायचं नाही, आधी सगळी धूळ ब्रशनं झाडायची, मगच मऊ कापड, नाहीतर गुलालातले खरखरीत कण काचेवर ओरखडे काढतात.

हे सगळं झाल्यावर पूर्ण भरलेले सेल घाला आणि लेन्स खाली असतानाच चालू करा, म्हणजे बाहेर येताना राहिलेला गुलाल खाली पडेल, आत जाणार नाही.

आणि हात जोडून सांगतो, स्क्रू उघडू नका. यूट्यूबवर पोरं उघडतात म्हणून तुम्ही नाही. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठलेलं असतं आणि सेल काढून ठेवले तरी ते बराच वेळ तसंच राहतं. मला नोकरीच्या पहिल्या वर्षी बसलाय झटका, कोपरापर्यंत हात बधिर झाला होता.

गडहिंग्लजची_माई | सोमवार, रात्री १०:०२

काका माझा पण प्रश्न घ्या. माझ्या कॅमेऱ्यात आता फोटो पांढुरके येतात, काच पुसली तरी तसंच. आमच्याकडं पावसात भिंतींना पण बुरशी येते.

मंगळवारपेठ_स्टुडिओ | सोमवार, रात्री १०:३०

माई, मोबाईलचा टॉर्च तिरका लेन्सवर मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती काचेवरची बुरशी. आतल्या काचेवर असंल तर घरी निघत नाही, पण थोडी असंल तर फोटोवर फारसा फरक पडत नाही, फक्त उजेडाकडं तोंड करून काढला की पांढुरका येतो. आणखी वाढू द्यायची नसंल तर जून ते सप्टेंबर कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका, ते ओल धरतं. तांदळात पण नको, तांदळाचं पीठ लेन्समध्ये जातं. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की परत तापवून वाळवता येतात, पण निळे दाणे असतील तर स्वयंपाकाची कढई वापरू नका, त्यात कोबाल्ट असतं.

कागलकर_८१ | मंगळवार, सकाळी ११:४८

कार्डाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ६४ जीबीचं कार्ड एसडीएक्ससी प्रकारात येतंय, ते निघालं २००९ ला, आणि तुमच्या २०१० च्या साध्या मॉडेलला त्याची फाइल सिस्टिम वाचता येत नसणार. कार्डाच्या झाकणाशेजारी बघा, एसडीएचसी लिहिलं असंल तर ३२ जीबीपर्यंतच घालायचं. नुसतं एसडी असंल तर २ जीबी. मी तर ८ चंच वापरतोय, १२ मेगापिक्सेलचा एक फोटो पाच एमबी धरला तरी दीड हजारावर फोटो बसतात, आणि कार्ड गेलंच तर एकदम सगळं जात नाही. ६४ वालं परत करा किंवा मोबाईलला वापरा.

आणि ‘कार्ड लॉक्ड’ असं कधी आलं तर घाबरू नका, कार्डाच्या डाव्या कडेला बारकी सरकपट्टी असती, ती खाली सरकलेली असती. ती पट्टी तुटून पडली तर त्या खाचेवर सेलोटेपचा एक तुकडा लावायचा, काम होतं. संगणकावर फोटोची नावं बदलून परत कार्डात टाकू नका, मग कॅमेरा ते फोटो दाखवत नाही, त्याला त्याच्या पद्धतीची नावं लागतात.

उत्तरेश्वरपेठकर (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ११:३०

सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचे तर विशेष. आज संध्याकाळी आम्ही दोघं बापलेक बसलो होतो. आधी चार सेल आणि चार्जर आणला, भरून घेतले. नुसते सेल घालून बघितलं तर लेन्स पहिल्यांदाच पूर्ण बाहेर आली! पण आत जाताना करकर करत अडकली. म्हणजे दोन्ही होतं, सेल पण आणि गुलाल पण.

मग लेकीनं तिचा शून्य नंबरचा ब्रश काढला. दैनिकाचं पान पसरलं, मी कॅमेरा उलटा धरला आणि ती ब्रश फिरवत होती. किती गुलाल पडावा! पेपरवर लेन्सच्या आकाराचं गुलाबी कडं उमटलं, अगदी रांगोळीच्या साच्यानं काढल्यासारखं. थोपटलं की आणखी पडायचा. चार वेळा केलं, शेवटी कागदाची पट्टी फिरवली ती पांढरीच बाहेर आली. मग चालू केला आणि लेन्स सुळकन बाहेर, सुळकन आत. लेकीनं तिथंच चांगभलं म्हणून हाक दिली, आई आतून पळत आली काय झालं बघायला.

बॅटरी टाइप अल्कलाइनच होता, बदलला. आता फक्त तारखेचं राहिलं.

मंगळवारपेठ_स्टुडिओ | बुधवार, सकाळी ७:०५

शाब्बास. लेकीला माझा आशीर्वाद सांगा, हात हलका आहे तिचा.

तारखेसाठी काही मॉडेलात सेलच्या कप्प्यात एक बटण सेल असतो, छोटी ट्रे ओढली की निघतो, तो बदलायचा. ट्रे दिसत नसंल तर आत एक बारकी साठवणूक असते, ती पेन्सिल सेलवरच चार्ज होते. भरलेले सेल घालून एक दिवस कॅमेरा तसाच ठेवा, मग सेल बदलताना दोन मिनिटात उरका, तारीख जाणार नाही. वर्षानुवर्षं रिकामा पडला होता म्हणून ती साठवणूक पूर्ण उतरलीय.

आणि एक फार महत्त्वाचं. नवीन कार्ड आणलं की ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, पण त्याआधी कार्ड आत नीट बसलंय ह्याची खात्री करा. ह्या कॅमेऱ्यांना स्वतःची थोडी मेमरी असते, वीस-तीस एमबी. कार्ड नसताना काढलेले फोटो तिथं जातात आणि मग कार्ड घातलं की ते दिसतच नाहीत, लोक विसरून जातात. कार्ड नसताना फॉरमॅट दाबलं तर ती मेमरी पुसली जाते. म्हणून आधी कार्ड पूर्ण बाहेर काढा आणि त्रिकोणाचं प्ले बटण दाबून बघा काही आहे का.

पन्हाळा_रोजचा | बुधवार, दुपारी २:१०

धागा चांगला चाललाय म्हणून विचारतो. माझ्याकडं पण असाच आहे, पण रंकाळ्यावर संध्याकाळी काढलेले सगळे फोटो हलतात, आणि बटण दाबल्यावर माणूस पुढं गेल्यावर फोटो निघतोय.

मुरगूडची_बाई | बुधवार, सायंकाळी ५:४०

दादा, बटण एकदम नाही दाबायचं. अर्धं दाबून धरायचं, चौकोन हिरवा होऊन बीप वाजला की फोकस झाला, मग नेमक्या क्षणी उरलेलं अर्धं दाबायचं. पोरांना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवते, दिवसभर नुसतं अर्धं बटण.

रंकाळ्यावर फ्लॅश बंद करा, तो तीन-चार मीटरच्या पुढं पोचत नाही, त्यानं संध्यामठ उजळणार नाही, उलट समोरचे चिलटं पांढरे ठिपके होऊन येतात. आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेड किती वाढवून घेतो तो आकडा, १०० वर ठेवा, कॅमेरा तिथल्या कठड्यावर ठेवा, दोन सेकंदाचा टायमर लावा आणि हात काढून घ्या. सेन्सर नखाएवढा असतो, आयएसओ ४०० च्या वर गेलं की फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतो. आणि झूम करताना पट्टीवर रेघ असते, तिच्या पुढं जाऊ नका, ते डिजिटल झूम, नुसतं कापून मोठं केलेलं.

सायबर_चौक | बुधवार, सायंकाळी ६:१५

मंग ते सीसीडीचं काय खरं नाही व्हय? रील्समध्ये तर सगळे त्याचंच नाव घेतेत.

मंगळवारपेठ_स्टुडिओ | बुधवार, रात्री ८:५०

सीसीडी चांगलीच चीज आहे. १९६९ साली शोध लागला आणि २००९ ला त्याच्यासाठी नोबेल मिळालं. पण तुला आवडतो तो रंग मला विचारशील तर जास्त करून त्या काळी कॅमेरा फोटोवर जी प्रक्रिया करायचा तिचा आहे, आणि फ्लॅशचा. फोनमध्ये एलईडी असतो, ह्यात झेनॉनची नळी असते, ती क्षणाच्याही बारीक भागात उजेड टाकते, म्हणून नाचणारा माणूस जागीच थिजल्यासारखा येतो. सीसीडीच्या नावानं कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नकोस. घेताना लेन्स चार वेळा आत-बाहेर करून आवाज ऐक, सेलचा कप्पा उघडून बघ, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून डाग बघ. एवढं बघितलंस तर फसणार नाहीस.

आपल्या कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी स्वतः घडवून सिनेमाचा कॅमेरा उभा केला, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथनं जाताना मान वर करून बघत जा.

उत्तरेश्वरपेठकर (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री १२:२०

काका, झोप येत नाही म्हणून आत्ताच लिहितोय. कार्ड काढलं आणि प्ले दाबलं. ११ फोटो आहेत आत.

पहिले चार-पाच नुसते घरातले, पंख्याचा एक, बहुतेक मीच कॅमेरा नवीन असताना बटणं दाबून बघत असणार. मग आमच्या पाहुण्यांच्या गुऱ्हाळावरचे आहेत. काहिलीतनं वाफ येतेय, आणि बाजूला बाजेवर आमचे आप्पा बसलेत, डोक्याला मफलर, मांडीवर लेक, आणि आप्पांचं एक बोट तिच्या तोंडात. काकवी चाटवतायत तिला. आईनं ओरडलं असणार, कारण पुढच्या फोटोत आप्पा वर बघून हसतायत आणि पोरगीच्या हनुवटीवर ओघळ आलाय. आप्पा २०१२ ला गेले. दोघांचा एकत्र असा एकही फोटो आमच्याकडं नव्हता, आम्हाला तर वाटत होतं कधी काढलाच नाही.

लेकीला झोपेतनं उठवून दाखवला. ती कितीतरी वेळ झूम करून आप्पांचा हातच बघत बसली.

हे कार्डावर कसे घ्यायचे, काही पुसलं जाईल का? आता बटण दाबायला भीती वाटतेय.

मंगळवारपेठ_स्टुडिओ | गुरुवार, सकाळी ६:१०

काही पुसलं जाणार नाही. भरलेले सेल घाला, रिकामं कार्ड घाला, प्लेच्या मेनूत ‘कॉपी’ आहे, त्यात आतल्या मेमरीतून कार्डावर असं निवडा. कॉपी चालू असताना सेलचं झाकण उघडू नका. नंतर संगणकावर घ्या, पेनड्राइव्हवर पण घ्या, दोन ठिकाणी झाल्याशिवाय आतले पुसू नका. खरं तर पुसूच नका, राहू द्यात तिथंच.

प्रिंट काढणार असाल तर फोटो किती मेगापिक्सेलचा आहे बघून सांगा.

उत्तरेश्वरपेठकर (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री ९:४५

झालं काका. अकराही आले, तीन ठिकाणी ठेवले. आतली मेमरी कमी म्हणून मी तेव्हा ३ मेगापिक्सेलवर ठेवलेलं दिसतंय, २०४८ बाय १५३६.

मंगळवारपेठ_स्टुडिओ | शुक्रवार, रात्री १०:००

भरपूर आहे. चार बाय सहा इंची प्रिंटला १८०० बाय १२०० ठिपके (पिक्सेल) लागतात. पाच बाय सात पण स्वच्छ येईल. फक्त लॅबवाल्याला सांगा आपोआप रंग सुधारू नको, वाफेचा पांढरा तसाच राहू दे.

उत्तरेश्वरपेठकर (धागाकर्ता) | रविवार, दुपारी ४:३०

पाच बाय सात काढला, दोन प्रती. रंग बदलू दिला नाही. आईनं देवघराजवळ लावू नको म्हणून सांगितलं, स्वयंपाकघरात चहाच्या डब्याच्या वर लावलाय, सकाळी उठल्या उठल्या दिसतोय म्हणाली.

कॅमेरा लेकीकडंच आहे. आज सकाळी पंचगंगा घाटावर गेली होती, अर्धं बटण दाबून धरायची सवय झालीय तिला. मुरगूडच्या बाईंनी लिहिलेलं फुलाचं चिन्ह कुठल्या बटणात असतं तेवढं सांगा, ती विचारतेय.

मुरगूडची_बाई | रविवार, सायंकाळी ५:१२

मागच्या बाजूला गोल चकती असते ना, चार दिशांची, तिच्या डाव्या किंवा खालच्या बाजूला बघायला सांगा तिला. आणि फुलाच्या फार जवळ नेला तर चौकोन हिरवा होत नाही, तेव्हा बोटभर मागं यायचं.